आठ अकराचा थांबा

आठ अकराची गॅलपिंग कदमपुकुरला अर्धं मिनिट थांबावी, एवढंच माझं मागणं होतं. राज्य मागितलं नव्हतं, पूल मागितला नव्हता. अर्धं मिनिट. तेवढ्या वेळात आमच्या पालिकेतला शिपाई खुर्चीवरून उठावं की नाही याचा विचारसुद्धा पुरा करत नाही.

गॅलपिंग म्हणजे मधली स्टेशनं गाळत पळणारी लोकल. ती कुणाला गाळते यावरून आमच्या भागात गावाची पत ठरते. अलीकडच्या बेनेपाड्याला ती थांबते, कारण तिथं म्हणे कॉलेज आहे. कदमपुकुरला मात्र ती अशी जाते की फलाटावरच्या माणसाच्या हातातलं वर्तमानपत्र थेट रुळांवर. आणि आमची सात बावन्नची साधी लोकल, जी प्रत्येक स्टेशनात थांबते आणि मधे कुठं खांब बरा दिसला तर तिथंही थांबते, तिला रोज पुढच्या जंक्शनाबाहेर वीस-वीस मिनिटं उभी करून ठेवतात. का, तर मागून आठ अकराच्या बाईसाहेब यायच्या असतात. त्या पुढं गेल्याशिवाय आमच्यासारख्यांनी हलायचं नाही.

मी नीलमाधव कुंडू, पालिकेतला बडाबाबू, म्हणजे हेडक्लार्क. मी सायकलीनं कामावर जातो. मला स्वतःला त्या गाडीचा काडीचा उपयोग नव्हता. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं गावानं भलतंच पसरवलं. उपयोग होता माझ्या मुलीला, झिनुकला. तिला कलकत्त्यात एका खाजगी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. सहा महिने उमेदवारी. साडेनऊला यंत्रावर अंगठा टेकवायचा, आणि तिसऱ्यांदा उशीर झाला की नमस्कार. सात बावन्नच्या कृपेनं पहिल्याच महिन्यात तिचे दोन उशीर झाले. मग ती सहा वीसच्या गाडीनं जायला लागली. चहात बिस्किट बुडवून पळायची, संध्याकाळी आली की ताटावरच डुलक्या घ्यायची. आणि एका रविवारी ती अगदी शांतपणे म्हणाली की लॅबमधल्या दोघीजणी इस्पितळाजवळ खोली करून राहतात, त्यांच्याकडं तिसरी खाट रिकामी आहे.

झिनुकची आई जाऊन चार वर्षं झाली. घरात आम्ही दोघंच. आमच्याकडं नोकरदार माणूस सकाळी भात खाऊनच घराबाहेर पडतो. सातला मी भात आणि माशाचं कालवण करायचो, सव्वासातला ती जेवायला बसायची आणि जेवता जेवता काल लॅबमध्ये कोण कुणाला काय बोललं ते सांगायची. दिवसभरात माझ्याशी कुणी बोलायचं ते तेवढंच. कचेरीत बोलतात ते बडाबाबूशी. सहा वीसनं ते बंद पाडलं होतं, आणि ती खाट भरली की कायमचं बंद होणार होतं. आठ अकरा थांबली तर सगळं जमत होतं: सव्वासातला भात, नऊला शहर, नऊ पंचविसाला अंगठा. मी तिला म्हटलं, दोन-अडीच महिने कळ काढ, मी अर्ज करतो. अर्ज हा माझा प्रांत आहे. सत्तावीस वर्षं मी लोकांचे अर्ज नामंजूर करत आलोय, तेव्हा मंजूर होणारा अर्ज कसा असतो हे मला नाही तर कुणाला कळणार?

अर्ज मी अर्ध्या पानात बसवला होता. तो मी कुणाला न दाखवता पाठवला असता तर ही गोष्टच घडली नसती. पण माणसाला आपली कारागिरी कुणीतरी बघावी असं वाटतं. मी तो शेजारच्या पालमास्तरांना दाखवला. पालमास्तर निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि निवृत्त झाल्याची बातमी अजून त्यांच्यापर्यंत पोचलेली नाही. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि विचारलं, "यात कदमपुकुरचा इतिहास कुठाय?" मी म्हटलं, गाडी थांबवायला इतिहास कशाला हवा. ते म्हणाले, इतिहास नाही म्हणूनच ती थांबत नाही. मग आमच्या तळ्यात कुणा एका साधूनं कधीकाळी स्नान केलं होतं यावर दोन पानं वाढली. समोरच्या बेलाबौदी, म्हणजे सगळ्या गल्लीच्या वहिनी, म्हणाल्या की एवीतेवी लिहिताच आहात तर स्टेशनात बायकांसाठी संडास नाही तेही लिहा. तेही लिहिलं. नित्यप्रवासी समितीचे चिटणीस तपन हाजरा म्हणाले, समितीच्या छापील कागदाशिवाय रेल्वे अर्ज उघडतसुद्धा नाही. छापील कागद घेतला तर त्यावर समितीच्या स्थापनेपासूनच्या मागण्या जोडाव्या लागतात असा ठराव निघाला. अर्धं पान होतं, त्याची अकरा पानं झाली. गॅलपिंग सातव्या पानावर होती.

मग सह्या. आमच्या गावात दोन क्लब आहेत, तरुण दल आणि नवजागरण संघ. त्यांच्यात तीस वर्षांचं वैर आहे आणि त्याचं कारण कुणालाच आठवत नाही, त्यामुळं ते मिटतही नाही. तरुण दलानं नऊशे सह्या आणल्या म्हटल्यावर नवजागरणनं अकराशे आणल्या. मग तरुण दलानं पुन्हा मोहीम काढली. अखेर गावात जेवढी माणसं नव्हती तेवढ्या सह्या जमल्या. मी रीतसर तपासत बसलो, तर एका पानावर माझ्या बायकोची सही. ती असती तर या भानगडीत तिनं सही केली नसती एवढं नक्की. मी त्या सहीवर रेघ मारायला पेन उचललं आणि ठेवून दिलं.

रेल्वेच्या कचेरीत मी तीनदा रजा काढून गेलो. पहिल्यांदा ज्या कारकुनानं कागद घेतले त्याच्याबद्दल मला आजही आदर आहे. त्यानं अकरा पानं वजन केल्यासारखी हातावर तोलली आणि एकच प्रश्न विचारला.

"सध्या आठ अकराला कदमपुकुरहून किती माणसं चढतात?"

मी म्हटलं, "ती थांबतच नाही हो."

"म्हणजे शून्य," असं म्हणत त्यानं रकान्यात शून्य काढलं. सुबक, गोल.

दोन आठवड्यांनी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा अकरा पानं परत मिळाली, वर उत्तर टाचलेलं: सदर स्थानकातून सदर गाडीस प्रवासी नसल्याने थांब्याची निकड दिसून येत नाही. मी ते दोनदा वाचलं. खरं सांगतो, राग यायच्या आधी मला मत्सर वाटला. सत्तावीस वर्षांत मला असं वाक्य एकदाही सुचलं नव्हतं. माझ्या टेबलापुढं उभं राहून गेलेली माणसं त्या दिवशी एकेक करून आठवली. त्यातल्या दोघांना मी नळाची जोडणी नाकारली होती, पाण्याचा वापर शून्य आहे म्हणून. कुठं फेडावं लागतं ते असं.

तिसऱ्यांदा मी अकरा पानं घरी ठेवली आणि माझं मूळ अर्धं पान घेऊन गेलो. त्यावर साध्या शब्दांत लिहिलं: माणसं चढतात की नाही हे बघण्यासाठी गाडी सहा आठवडे थांबवून बघावी. ते पान कुठल्या टेबलावरून कुठं गेलं देव जाणे, पण महिन्याभरात पत्र आलं. येत्या सोमवारपासून सहा आठवडे प्रायोगिक थांबा, अर्धं मिनिट. गाडीच्या वेळेवर परिणाम न झाल्यास पुढे विचार. झिनुकनं पत्र हातात घेतलं, वाचलं आणि मला म्हणाली, "बाबा, तुम्ही खरंच केलंत." उमेदवारीचा सव्वा महिना उरला होता. तिनं त्या मैत्रिणींना खाट दुसऱ्या कुणाला द्या म्हणून सांगून टाकलं. मी त्या दिवशी बाजारातून कोळंबी आणली.

पत्र माझ्या घरी आलं होतं तरी श्रेय माझ्या घरी थांबलं नाही. दुसऱ्याच दिवशी तरुण दलानं फलक लावला की त्यांच्या अथक लढ्याला यश आलं. नवजागरणनं त्याहून दीड हात मोठा फलक लावला. पालमास्तर चहाच्या टपरीवर सांगायला लागले की साधूच्या स्नानाचा मुद्दा वर थेट भिडला. ती पानं माझ्या कपाटात पडली होती. नगरसेवकांनी तर मंत्र्यांच्या कानाला लागून हे घडवलं असं कळलं. आणि माझ्याबद्दल गावात काय चाललं होतं? तर कुंडूबाबूंनी स्वतःच्या पोरीसाठी अख्ख्या गावाला राबवलं. हे बेलाबौदींनीच मला सांगितलं, वर म्हणाल्या, मनाला लावून घेऊ नका. लावून घेऊ नका म्हणून सांगितलेली गोष्ट आजवर कुणी लावून घेतली नाही असं मला एक उदाहरण दाखवा.

आता आमची माणसं. घरात नवा पाट आणला तरी चार माणसांना बोलावून त्याला हार घालतील. पहिल्यांदा गाडी थांबणार आणि सत्कार नाही, असं कसं होईल? मोटरमनचा सत्कार, गार्डचा सत्कार, ढाकवाले म्हणजे आमचे ढोलवाले, शंख वाजवायला बायका, संदेश मिठाईची खोकी, भाषणं. मी समितीच्या बैठकीत उभा राहून विचारलं, अर्ध्या मिनिटात हे सगळं कसं बसवणार. तपन हाजरा म्हणाले, "कुंडूदा, पाहुणा दारात आला की घड्याळ बघायचं नसतं." टाळ्या पडल्या. पत्रिका छापून आली. त्यात सोळा नावं होती. माईकवाल्याचं होतं, टपरीवाल्या निताईचं होतं. माझं नव्हतं. मी दोन वेळा वाचली, मागची बाजूही बघितली.

रविवारी जेवताना झिनुक म्हणाली, "बाबा, माझे दोन उशीर झालेत. उद्या गाडी वेळेवर हलेल ना? नाहीतर मी सहा वीसनंच जाते."

मी म्हटलं, "वेडी का काय तू? पहिल्या दिवशी तूच नाही चढलीस तर मी हे केलं कुणासाठी? मी स्वतः फलाटावर उभा राहतो. घड्याळ माझ्या हातात असेल."

"नक्की?"

"नक्की."

सोमवारी ती रुई माशाचा तुकडा आणि भात खाऊन निघाली, मी बरोबर. फलाटावर मुंगीला जागा नव्हती. सतरंजी, माईक, दोन्ही क्लबांचे वेगवेगळे ढाक, आणि दोन हार, कारण एका हाराला दोन क्लबांनी हात लावणं शक्य नव्हतं. बरोबर आठ अकराला गाडी आली आणि थांबली. झिनुक बायकांच्या डब्यात चढली आणि खिडकीशी उभी राहिली. मी घड्याळ बघितलं.

मोटरमन खाली उतरेना. हार त्याच्या खिडकीतून आत जाईना, एवढा मोठा. तरुण दलानं तो तिरका करून कोंबला, त्यात अर्धी फुलं गेली. मग नवजागरणचा हार. मग शंख. मग नगरसेवकांनी माईक घेतला. मी त्यांच्या कोपराला हात लावून कानात सांगितलं, साहेब, गाडी. त्यांनी मलाच हात जोडून नमस्कार केला आणि बोलत राहिले. गार्ड शिट्टी फुंकत होता, ढाकवाल्यांना वाटलं तो ठेका मागतोय. मी पळत जाऊन ढाक थांबवले, सतरंजीवरच्या म्हाताऱ्यांना मागं सारलं, संदेशाचं खोकं मोटरमनच्या खिडकीतून काढून घेतलं. आठ सोळा झाले होते. सिग्नल हिरवा होता. तपन हाजरा आभार मानायला उभे राहिले, म्हणजे आता संपलंच होतं. त्यांनी सगळ्यांचे आभार मानले. फुलवाल्याचे मानले. सतरंजी दिली म्हणून मंडपवाल्याचे मानले. रेल्वेच्या रुळांचेही मानले असावेत. मग ते थांबले, आणि मी वाट बघितली, आणि त्यांनी माईक खाली ठेवला.

मी तो उचलला. का, तर लोकांनी बाजूला व्हावं, गाडी जाऊ द्यावी, एवढंच सांगायला. देवाशपथ एवढंच. तसं मी सांगितलंही असतं. पण तोंडातून आलं, "बंधुभगिनींनो." आणि कोण जाणे कसं, सगळा फलाट गप्प झाला. सत्तावीस वर्षांत माझ्यापुढं एवढी माणसं कधी गप्प बसली नव्हती. म्हटलं, एक वाक्य. हा अर्ज पहिल्यांदा कुणाच्या हातानं लिहिला गेला हे इतिहासाला कळायला हवं. एकाचं दुसरं झालं. अर्धं पान कसं होतं ते सांगितलं, शून्याचा किस्सा सांगितला, त्यावर लोक हसले, डब्यातलेसुद्धा हसले. मग मी म्हटलं की माझ्या घरातल्या कुणासाठी नव्हे, तर उद्याच्या कदमपुकुरसाठी. टाळ्या झाल्या. बायकांच्या डब्यातून झिनुक हात हलवत होती. मला वाटलं तिलाही आवडलं. मीही हात हलवला.

तीन मिनिटं बोललो असेन. माईक ठेवला तेव्हा सिग्नल लाल झाला होता. पुढच्या जंक्शनवरच्या लोकांनी किती वाट बघायची? त्यांनी शाखेवरची गाडी आधी सोडली, मग तिच्यामागून मालगाडी. आठ अकराची गॅलपिंग कदमपुकुरला चौतीस मिनिटं उभी राहिली. डब्यातली माणसं आमच्या आयाबहिणींचा उद्धार करू लागली तेव्हा आमचे सोळा पाहुणे एकेक करून फलाटावरून नाहीसे झाले. उरलो मी आणि सतरंजी. खिडकीतून झिनुक माझ्याकडं बघत नव्हती.

संध्याकाळी ती आली तेव्हा मी दारातच उभा होतो. तिसरा उशीर लागला होता. साहेबांच्या हातापाया पडून तिनं नोकरी टिकवली होती, पण एका अटीवर: इस्पितळाजवळ राहायला यायचं, उद्यापासून. ती आत जाऊन बॅग भरायला लागली. मी दाराशी उभा राहून नगरसेवकांना शिव्या दिल्या, तपन हाजरांना दिल्या, त्या हारांना दिल्या. तिनं एक कुर्ता नीट घडी करून ठेवला आणि मग माझ्याकडं बघितलं.

"त्यांची पाच मिनिटं मी धरूनच चालले होते, बाबा. आपलं गाव मला ठाऊक नाही का? पाच मिनिटांनी मी पोचत होते. तुमची धरली नव्हती. तुम्ही नक्की म्हणाला होतात."

मी म्हटलं, "माझं नाव कुणी घेतलं नाही गं."

"मी घेतलं होतं," ती म्हणाली. "खिडकीतून. केवढ्यानं हाका मारत होते."

तिसरी खाट अजून रिकामीच होती.

आठवड्यानं रेल्वेचं पत्र आलं. प्रायोगिक थांब्यामुळे गाडीच्या वेळेवर गंभीर परिणाम झाल्याचे निदर्शनास आल्याने थांबा रद्द. गावानं दोष कुणाला दिला हे सांगायला हवं का? तपन हाजरा टपरीवर म्हणाले, कार्यक्रम वेळेत आटोपला होता हो, कुंडूदांनी माईक सोडला नाही. पालमास्तरांनी मान डोलावली. आणि यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं, हेच मला जड गेलं. निषेध म्हणून रेल्वे अडवायची ठरली, फलकांचा मजकूर लिहायला ते माझ्याकडंच आले, कारण अक्षर माझं चांगलं. मी दार उघडलं नाही. दोन्ही क्लबांनी एकमेकांच्या मुहूर्तावर हरकत घेतल्यानं रेल्वे अजून अडायची आहे.

झिनुक आधी दर शनिवारी यायची, मग एकाआड एक. परवा फोन आला. उमेदवारी संपली, नोकरी पक्की झाली. मी म्हटलं, मग या रविवारी ये, कोळंबी आणतो.

ती म्हणाली, "बघते. पण सुटीचा एकच दिवस असतो बाबा, आणि साध्या गाडीनं यायचं म्हणजे जाण्यायेण्यातच तो संपतो. इकडून सुटणारी एकसुद्धा जलद गाडी कदमपुकुरला थांबत नाही."

मी म्हटलं, "मी एक अर्ज..."

"नको," ती म्हणाली, पण रागानं नाही. लहान मुलाला सांगावं तसं म्हणाली. मग मी जेवलो का ते विचारलं. मी हो म्हटलं, आणि तिनं फोन ठेवला.